खानदेश दाखवणारी माणसं हवीत

दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर सहलीचा विषय निघतोच. यंदा धुळ्याच्या चुलतभावाने केरळ सुचवलं, नाशिकच्या वहिनींनी दुबईचे दर टाकले. मी लंडनहून लिहिलं, की मी मुलांना घेऊन येतेय, तर या वेळी आपल्याच भागात फिरू. लगेच जिभाऊंचा आवाज आला, "आठे देखाले काय शे, बेटा? ऊन आनि केळीना बागा!" त्यावर पुतण्या तावातावाने लिहू लागला. बघण्यासारखं भरपूर आहे, पण सोयी नाहीत. तोरणमाळला रोपवे करा, सातपुड्यात काचेचा पूल बांधा, मोठा महोत्सव भरवा, मग बघा कशी रांग लागते. पुढचे दोन दिवस ग्रुपवर याचीच जुंपली होती.

हा वाद फक्त आमच्या घरचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोणत्याही चार माणसांत पर्यटनाचा विषय काढा, हेच दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आपल्याकडे काही नाही. दुसरा म्हणतो, बाहेरून काहीतरी आणून बसवल्याशिवाय काही होणार नाही. इतकी वर्षं परदेशात राहून मला दोन्ही पटेनासे झाले आहेत. आपल्याकडे जे आहे ते समजावून सांगणारा माणूस नाही, ही खरी उणीव आहे. ती भरून काढायला काचेचा पूल लागत नाही.

चाळीसगावजवळचं पाटण घ्या. लोक पाटणादेवीला नवस फेडायला जातात, डबा खातात, धबधब्याला पाणी असेल तर फोटो काढतात आणि परततात. याच पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला सगळ्यात भावतो तो तोच. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल, त्यावरचं राजाकडे येणारं उत्पन्न मठाला द्यायचं. जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यायचं. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या तेल्याच्या घाण्यावर आणि व्यापाऱ्याच्या मालावर गणिताची शाळा चालत होती. मुलांना हे सांगितलं तेव्हा माझी धाकटी म्हणाली, "मग दिव्याला तेल गावाचं आणि गणितं मुलांची!" देवळाच्या पायरीवर बसून आम्ही त्यावर कितीतरी वेळ बोलत होतो. आमच्यापुढे दर्शन घेऊन गेलेल्या कुटुंबांना हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. एखादी शिकलेली स्थानिक मुलगी तिथे रोज उभी राहिली, तर पाटणादेवीची सहल निम्मा दिवस लांबेल आणि गावातल्या चहावाल्याचा धंदाही वाढेल.

परदेशात मला पहिल्यांदा जाणवलं ते हेच. ब्रिटनची राष्ट्रीय संग्रहालयं 2001 पासून सर्वांना मोफत आहेत, हे खरं, पण नुसत्या मोफतपणाने माणूस चित्रापुढे थांबत नाही. तिथे शाळेची मुलं जमिनीवर मांडी घालून, हातात पेन्सिल घेऊन एकेका चित्रापुढे अर्धा तास बसतात. निवृत्त शिक्षक, नर्स, रेल्वेतले कारकून आठवड्यातला एखादा दिवस स्वयंसेवक म्हणून उभे राहतात आणि आपल्या गावाची गोष्ट मनापासून सांगतात. दर सप्टेंबरमध्ये एरवी बंद असणारी जुनी घरं, गिरण्या, प्रार्थनास्थळं काही दिवस लोकांसाठी मोफत उघडतात. 1994 पासून हा शिरस्ता आहे. अशा दिवशी मला पर्यटक कमी आणि गावकरीच जास्त दिसतात. आपल्याच गल्लीतलं घर आतून बघायला ती माणसं रांग लावतात.

आणि आमच्या चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. मुंबईत 1912 साली जन्मलेला, विलायतेत छायाचित्रण शिकलेला हा पारशी कलावंत चाळीसगावला येऊन राहिला आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्याने घराबाहेर पडणंच सोडून दिलं. एका मैत्रिणीने भेटीला येण्याचा शब्द दिला होता, म्हणून रात्रीची पंजाब मेल निघून जाईपर्यंत तो घर सजवून, जेवण मांडून वाट बघायचा, असं गावात सांगतात. 1989 च्या शेवटच्या दिवशी तो गेला. माझ्यासोबत लंडनची एक मैत्रीण होती. ती स्वतः फोटो काढते, त्यामुळे टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून उभे केलेले मूस यांचे देखावे ती नाक टेकवून बघत राहिली. सावली कुठून आली, उजेड कुठे अडवला, याचा ती बोटाने माग काढत होती. माझा चाळीसगावचा मावसभाऊ जन्मापासून तिथे राहतो, रोज स्टेशनवर जातो. या घरात तो त्या दिवशी पहिल्यांदा शिरला आणि बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, शाळेत असताना एकदा तरी आणायला हवं होतं आम्हाला इथे." माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

भुसावळची गोष्ट तर मी लंडनच्या मित्रांना मुद्दाम सांगते. अजिंठ्याची चित्रं नकलून काढण्यासाठी 1844 मध्ये रॉबर्ट गिल या मद्रास सैन्यातल्या अधिकाऱ्याला नेमलं होतं. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने केलेली बहुतेक चित्रं 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे 1872 पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या मुंबईकर विद्यार्थ्यांनी पुन्हा तेच काम केलं. त्यातलीही बरीच चित्रं 1885 मध्ये लंडनच्याच एका आगीत गेली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. आणि गिल? तो 1879 साली वारला, त्याला पुरलं भुसावळात. ज्या भुसावळ जंक्शनवर आपण गाडी बदलतो आणि केळी घेतो, त्याच गावात. लंडनमध्ये प्रसिद्ध माणूस राहिला त्या घरावर निळी गोल पाटी लावतात. तशी दोन ओळींची पाटी भुसावळ स्टेशनावर मराठीत लावायला किती खर्च येईल?

आता दुसरी बाजू, कारण परदेशातलं सगळं डोक्यावर घेण्यासारखं नाही. रोपवे आणि रांगांची स्वप्नं बघणाऱ्या पुतण्याने व्हेनिसकडे बघावं. तिथे गर्दी इतकी झाली, की 2024 पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याला प्रवेश शुल्क लावावं लागलं. त्याच वर्षी बार्सिलोनात रहिवाशांनी मोर्चा काढून हॉटेलात बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. गाव राहणाऱ्यांचं उरलं नाही की हे असं होतं.

म्हणून काठी गावच्या होळीचं नाव काढलं की मला काळजी वाटते. अक्कलकुवा तालुक्यातली ती राजवाडी होळी मी घरच्यांसोबत बघितली आहे. पहाटे होळी पेटते. त्याआधी रात्रभर ढोल, घुंगरू, कमरेला बांधलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेचे ठिपके. नाचणाऱ्यांनी त्यासाठी व्रत धरलेलं असतं. ते अनवाणी चालतात, खाटेवर झोपत नाहीत. तिथे एक पोरगा एका बुध्याला, म्हणजे अशा व्रत धरून नाचणाऱ्याला, हाताला धरून उजेडात ओढत होता, रील नीट यावं म्हणून. माझ्या वडिलांनी त्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "तू देवघरात आरती चालू असताना पुजाऱ्याला असं ओढशील का?" पोरगा ओशाळला आणि मागे सरकला. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराला 'पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार' म्हणणाऱ्या बातम्यांविरुद्ध आदिवासी संघटना बोलतात, ते अगदी रास्त आहे. होळीच्या सामानाचा, सणाचा तो बाजार आहे. तिथे जायचं तर पाहुण्याच्या रीतीने जावं, आणि काय दाखवायचं, किती दाखवायचं हे पावरा आणि भिल्ल माणसांनीच ठरवावं. महोत्सव भरवायचा झाला तर त्याची सूत्रंही त्यांच्याच हातात हवीत.

आपल्याकडच्या सहलीत एक सुख आहे, ते मला तिकडे कधी मिळालं नाही. तिकडे सगळं आठवडे आधी बुक करावं लागतं, आणि जेवण म्हणजे संग्रहालयातलं थंड सँडविच. इथे एका गाडीत आजी, मावशी, पोरं, माझी इंग्रज मैत्रीण, सगळे. यावलकडच्या एका शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली, लाकडी बडजीत मिरची-लसणासोबत कुटली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खाल्ली. मावशींनी मैत्रिणीच्या हाती कुटायला दिलं, तिचे डोळे मिरचीने भरून आले तरी तिने सोडलं नाही. आमच्या खानदेशी देवीचे, कानबाईचे, रोट का करतात, रात्रभर जागून गाणी का म्हणतात, हे मावशींनी तिला अहिराणीत सांगितलं, मी मध्ये दुभाषी. त्या दिवशी दाखवण्याचं खरं काम मावशींनी केलं. आपल्याकडे असं काम करू शकणाऱ्या बाया-माणसं गावोगाव आहेत. त्यांना मान आणि मानधन मिळालं पाहिजे.

पुतण्या आता राजकारणात शिरतो आहे, जिल्हा नियोजनाच्या बैठकांची त्याला खबर असते. त्याला मी कळवलं आहे, रोपवेची मागणी खुशाल कर. पण त्याच अर्जात पाटण, चाळीसगाव आणि भुसावळसाठी स्थानिक वाटाड्यांचं प्रशिक्षण, त्यांचा वर्षभराचा पगार आणि प्रत्येक शाळेची वर्षातून एक सहल आपल्याच तालुक्यात, हे मुद्दे वर टाक.