खातं सोडत नाहीत, तपास सोडतात

पम्या तावातावानेच टपरीवर आला. त्याचा दोस्त नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत फौजदारकीचं ट्रेनिंग घेत होता. मधेच राज्यसेवेचा निकाल लागला, तहसीलदार झाला आणि गेला. "सरकारचा खर्च पाण्यात!"

निवृत्त हवालदार काका हसले. "तो गेलेला दिसतो तरी. खात्यात राहून तपासातून पळतात, ते कुणी मोजलेत?"

वकीलसाहेबांना २०२५चा निर्णय आठवला. पदवीधर, सात वर्षं नोकरी झालेल्या आणि नाशिकच्याच गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयात सहा आठवड्यांचा कोर्स करून परीक्षा पास झालेल्या शिपायांनाही किरकोळ गुन्ह्यांचा तपास मिळतो. "हात वाढले की ओझं कमी होईल."

"माझा भाचा तपासावरच आहे, त्याला विचारा," काका म्हणाले. "सकाळी घरफोडी. पंच म्हणजे झडतीचे साक्षीदार मिळेनात, मिळाले तर कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून सही करेनात. झडतीचं मोबाईलवर शूटिंग, मुद्देमालाला लाखेचं सील, रात्री केस डायरी. डायरी उघडतो न उघडतो तोच बंदोबस्ताचा निरोप. साठ-नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. खुलासा मागतात भाच्याकडे, त्याला बंदोबस्ताला पाठवणाऱ्याकडे नाही. आता तो पासपोर्ट पडताळणीचं टेबल मागतोय."

पम्याने लंडनचा दाखला काढला: तिथल्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २०१७ मध्ये गणवेशातल्या गस्तीची अट काढून थेट डिटेक्टिव्ह भरती सुरू केली. मला त्यात फार दम वाटला नाही. आत येणारे वाढले तरी टिकणार कसे, हा प्रश्न उरतोच. काकांचं बरंचसं मला पटतं, पण तपास करणाऱ्यांना जादा भत्ता द्यावा, हा विषय ते उगाच उडवून लावतात. बदली झाल्यावरही जुन्या केसच्या साक्षीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातून यावं लागतं, वर तारीख पुढे ढकलली जाते. अशा माणसाला चार पैसे जास्त दिले तर बिघडलं कुठे?

"भत्त्याने झोप मिळते का?" काका.

वकीलसाहेब म्हणाले, "प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितलंय, तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा. सिंहस्थापासून सुरुवात करू. तपासाच्या माणसांना बंदोबस्तातून सूट."

"दे की," काका म्हणाले, "फक्त पर्वणीला रामकुंडावर कोण उभं राहणार, तेवढं सांग."