डॉक्टरच संशयित झाला तर

अगाथा ख्रिस्तीच्या १९३४ सालच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’वर केनेथ ब्रॅनाने २०१७ मध्ये केलेल्या चित्रपटावरून पुण्यातल्या रहस्यकथाप्रेमींत दोन तट आहेत. गोष्ट अशी: बर्फात अडकलेल्या आगगाडीत एका प्रवाशाचा खून होतो आणि गुप्तहेर हर्क्युल प्वारो सहप्रवाशांच्या जबान्या घेतो. एक म्हणतो, मूळ पुस्तकाला हातच लावायचा नाही. दुसरा म्हणतो, डब्यात बसून नुसत्या जबान्या कोण बघणार? लंडनमधून ऐकताना दोन्ही अपुरे वाटतात.

बदलाला माझी हरकत नाही, पण तर्काची साखळी तुटू नये. कादंबरीत प्रेत तपासणारा डॉ. कॉन्स्टंटाइन दुसऱ्या डब्यातला, म्हणून संशयापलीकडचा. वार १२, काही नुसते ओरखडे, काही जीवघेणे, एक-दोन तर रक्त थांबल्यानंतरचे. मृत्यू मध्यरात्र ते दोनच्या दरम्यान. पुढचं सगळं या साक्षीवर उभं आहे आणि वाचक ती निर्धास्तपणे धरून चालतो. चित्रपटात हा डॉक्टर आणि संशयित प्रवाशांपैकी कर्नल आर्बथनॉट मिळून एकच पात्र केलंय. म्हणजे वैद्यकीय अहवाल देणारा स्वतःच संशयित! एक पात्र कमी झालं, पण प्रेक्षकाला विश्वास ठेवायला काही उरलं नाही.

बर्फाचंही तसंच. गाडी रुतली, बाहेर पावलांचे ठसे नाहीत, म्हणून खुनी आतच आहे. चित्रपटात मात्र पुलाच्या सांगाड्यावर पाठलाग आहे आणि शेवटचा उलगडा बोगद्याच्या तोंडाशी होतो. ६५ मिमी फिल्मवर हे देखणं दिसतं, पण कोंडलेपण विरून जातं.

जबान्या कंटाळवाण्या असतात, हे मला अजिबात पटत नाही. सिडनी ल्युमेटच्या १९७४ च्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमनची जबानी एकाच लांब शॉटमध्ये आहे. मध्ये कट नाही, त्यामुळे तिची घालमेल लपायला जागाच नाही. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. आणि एका सभागृहात घडणारं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तरी हा मुद्दा काढू नये.

इथे ब्रिटनमध्ये एक चित्रपट फसला तरी फारसं बिघडत नाही. डेव्हिड सुशेची १९८९ ते २०१३ मधली प्वारोवरची मालिका टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागते. पुण्यातल्या कॉलेजातल्या मुलांना मात्र बहुधा नवाच चित्रपट आधी भेटतो, आणि रहस्य एकदाच फुटतं. म्हणून इथल्या निवांतपणापेक्षा तिथली चिडचिड मला जास्त रास्त वाटते.

तिथल्या फिल्म क्लबांनी क्रम ठरवावा: आधी पुस्तक. त्याच्या तिसऱ्या भागात प्वारो विचार करायला बसतो, तिथे थांबून प्रत्येकाने आपला संशयित कागदावर लिहावा. मग १९७४ चा चित्रपट. ब्रॅनाचा सगळ्यांत शेवटी.