सेन्सर लावला म्हणजे गुडघा ‘शंभर टक्के बॅलन्स’?

सध्या एक मेसेज बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘नी रिप्लेसमेंटमध्ये सेन्सर आणि रोबोट लिगामेंटचा ताण अचूक मोजतात, त्यामुळे गुडघा शंभर टक्के बॅलन्स होतो. हाताने तपासणारे सर्जन अंदाजपंचे काम करतात. यंत्र नसेल तिथे ऑपरेशन करूच नका.’ (बॅलन्स म्हणजे ढोबळमानाने, गुडघा सरळ असो वा वाकलेला, आतल्या-बाहेरच्या बाजूंची लिगामेंट्स, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, सारखी ताणलेली असणं.)

मेसेजचं मधलं वाक्य उद्धट असलं, तरी अगदीच खोटं नाही. सर्जन गुडघा सरळ ठेवून, मग 90 अंशांत वाकवून, पाय आत-बाहेर ढकलत सांधा किती उघडतो ते पाहतो, हाडांमधल्या गॅपमध्ये स्पेसर ब्लॉक, म्हणजे ठरावीक जाडीचा ठोकळा, घालून बघतो. अनुभवी हातांनी ‘झाला बॅलन्स’ म्हटलेले गुडघे सेन्सरवर तपासले, तेव्हा त्यातले बरेच तसे निघाले नाहीत. हे मान्यच करायला हवं.

पण ‘लिगामेंटचा ताण मोजतात’ हे काही खरं नाही. सेन्सर असतो तो ऑपरेशन चालू असताना दोन हाडांच्या मध्ये चाचणीपुरत्या घातलेल्या चकतीत. मांडीचं हाड नडगीवर आतल्या बाजूला किती दाब देतंय आणि बाहेरच्या बाजूला किती, एवढंच तो दाखवतो. ताणाचा अंदाज त्यावरून बांधायचा. शिवाय ते रीडिंग फार हळवं. सहाय्यकाने मांडी जरा उचलून धरली, पाऊल किंचित बाहेर वळलं, गुडघ्याची वाटी उलटवून ठेवलेली राहिली, की आकडा हलला. पेशंट भुलीखाली, स्नायू सैल, पायावर वजन नाही. तोच माणूस चालायला लागला की गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो.

रोबोटचंही तसंच. गॅप तो मिलिमीटरमध्ये सांगतो खरा, पण अनेक यंत्रणांत सांधा ताणून धरणारा हात सर्जनचाच असतो. म्हणजे मोजमाप यंत्राचं आणि जोर अंदाजाचा! ठरावीक जोर देणारे टेन्शनरही आहेत. तो जोर किती असावा, हे मात्र माणसांनीच ठरवलेलं.

खरी गोम ‘शंभर टक्के’ या शब्दांत आहे. शंभर टक्के कशाचे? सेन्सरवाल्या अभ्यासांत दोन बाजूंच्या दाबातला फरक 15 पौंडांच्या, म्हणजे साधारण 7 किलोंच्या आत असला की गुडघा ‘बॅलन्स’ धरला जायचा. ही सोयीसाठी आखलेली रेघ आहे. निसर्गाने दिलेला गुडघा मुळात दोन्ही बाजूंना सारखा नसतोच: वाकवल्यावर बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा सैल असते. मग दोन्हीकडे सारखा आकडा आणणं म्हणजे गुडघा पूर्ववत करणं, की आपल्या सोयीचा नवा गुडघा घडवणं? यावर सर्जनांमध्येच एकमत नाही. आणि आकड्यामागे धावण्याचीही किंमत आहे. हाड मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त कापता येतं, लिगामेंटला सुईने टोचून ते सैल करता येतं, पण जास्त सैल झालं तर परत आवळता येत नाही.

पेशंटला फरक पडतो का? 2022 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केलेली एक बहुकेंद्री यादृच्छिक चाचणी (अनेक हॉस्पिटलांत, कोणता पेशंट कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली) प्रसिद्ध झाली. सेन्सर वापरलेल्या गटात बॅलन्स खरोखरच सुधारला होता. पण दुखणं, हालचाल, रोजची कामं यांबद्दल पेशंटनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन वर्षांनी दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी हीच पायरी गाळली आहे.

याचा अर्थ सेन्सर निरुपयोगी, असा मुळीच नाही. हाताला काय जाणवलं आणि प्रत्यक्षात काय होतं, हे शिकाऊ सर्जनला जागच्या जागी दाखवणारं दुसरं साधन मला तरी दिसत नाही. सैल राहिलेला गुडघा हे दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं एक मोठं कारण आहे, तेव्हा मोजू नये असं कोण म्हणेल?

राहता राहिलं ‘यंत्र नसेल तिथे जाऊ नका’. विचारायचंच असेल तर सर्जन वर्षाला किती गुडघे बदलतो ते विचारा. वर्षाला मोजकीच ऑपरेशनं करणाऱ्यांच्या पेशंटना पुन्हा टेबलावर जावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.