भिंतीवरचा तक्ता काढू नका

आमच्या कोल्हापुरातल्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय: "स्वमग्न मुलांना चित्रांचे तक्ते लावू नका. मूल बोलायचं थांबतं, यंत्रासारखं होतं, बदल सोसत नाही. तोंडी सांगितलं की पुरे. हे परदेशी खूळ आहे. तक्ते फाडा, मुलाशी बोला." तो वाचून शाहूपुरीतल्या एका आईने दोन वर्षं भिंतीवर असलेला तक्ता उतरवला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. पोरगं आंघोळीला जाईना, रडून रडून ओकलं. माझा मुलगाही स्वमग्न आहे, म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन लिहिते.

"मूल बोलायचं थांबतं." आई-बापाच्या काळजात घुसणारं वाक्य हेच. पण इथे दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. दिवसात काय काय होणार ते दाखवणारा तक्ता वेगळा आणि हवं ते मागण्यासाठी मुलाने द्यायची चित्रं वेगळी. बोलणं थांबण्याची भीती मुळात त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल होती, आणि ती तपासूनही झाली आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली, चित्रं किंवा हातांच्या खुणा अशी बोलण्याला पूरक साधनं दिलेल्या, विकासात अडचणी असलेल्यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांच्याबाबत पुरावा भक्कम होता त्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं; बहुतेकांचं वाढलं होतं, कुणाचं जास्त, कुणाचं जरासंच. दिनक्रमाचा तक्ता तर बोलणं बाजूला सारतच नाही. मी फोटोवर बोट ठेवते आणि एकच शब्द म्हणते, "दात." शब्द आणि वस्तू एकाच वेळी मुलासमोर येतात.

"तोंडी सांगितलं की पुरे." सकाळी आपण काय सांगतो ते एकदा आठवून बघा. ऊठ, दात घास, दूध संपव, दप्तर कुठाय, रिक्षावाले काका येतील. एका दमात पाच कामं. बोललेला शब्द विरून जातो, चित्र जागेवर थांबतं. आपल्यालाही दुधाचे खाडे तोंडी लक्षात राहत नाहीत, म्हणून तर ते कालनिर्णयवर लिहितो.

आमचा पहिला तक्ता मात्र फसला होता. मी नेटवरून चित्रं छापून आणली आणि त्यात आंघोळीसाठी टब होता. आमच्याकडे निळी बादली आणि पितळी तांब्या! मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, आमच्याच बादलीचा, ब्रशचा, ताटाचा, रिक्षाचा फोटो काढला आणि मागे वेलक्रो लावला. काम झालं की तो फोटो चर्रकन ओढून 'झालं' लिहिलेल्या डब्यात टाकायचा. त्या आवाजासाठी माझा मुलगा दात घासायला पळायचा.

"यंत्रासारखं होतं, बदल सोसत नाही." यात थोडं तथ्य आहे. रोज तोच क्रम चिकटवून ठेवला, किंवा तक्ता हुकूम सोडायला वापरला, तर असं होऊ शकतं. पण बदल सोसायलाही तक्त्यावरच शिकवता येतं. आम्ही लाल रंगाचं 'बदल' कार्ड केलं आणि सुरुवातीला मुद्दाम गोड बदलांना वापरलं: अभ्यासाऐवजी रंकाळ्यावर फेरी, पोळीऐवजी शिरा. जुलै २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं बुडाली, नळ बंद पडले. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. बादलीच्या फोटोवर मी लाल कार्ड लावलं, शेजारी ओल्या टॉवेलचा फोटो. तो रडला, बराच वेळ रडला. मग त्यानेच टॉवेल उचलला आणि माझ्या हातात दिला.

"परदेशी खूळ." अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा स्वमग्न व्यक्तींसाठीचा 'टीच' (TEACCH) कार्यक्रम १९७२ पासून या पद्धतीने काम करतोय. तिथल्याच २०२० च्या अहवालात, पुराव्यावर टिकलेल्या २८ पद्धतींमध्ये दृश्य आधाराचा, म्हणजे अशा चित्रं-तक्त्यांचा, समावेश आहे. पद्धत तिकडची असेल, तांब्या आमचाच आहे.

"मुलाशी बोला" हे मात्र शंभर टक्के खरं. बोलाच, तक्त्याशेजारी उभं राहून बोला.

शाहूपुरीच्या त्या ताईंना मी सांगितलं, सगळा तक्ता एकदम परत लावू नका. आधी दोनच फोटो लावा, बादली आणि त्यानंतर त्याला आवडतं ते काहीतरी. आणि लावताना खाली बसा, त्याची नजर जिथे पोचते तिथे लावा.