उजवं चाक

एका वर्षी मामांचा संत्र्याचा मृग बार असा साधला, की विहिरीवर नवी मोटर बसवायची सोडून त्यांनी मुंबईहून मोटरच आणली. १९६५ची एमजीबी, स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनची, दोन माणसांची, वर कापडी टप. पुढे मामा गेले, संत्र्याची बाग मामेभावाकडे गेली आणि मोटर माझ्या वाट्याला आली. विहीर कोणालाच नको होती.

वरुडकडच्या आमच्या गावात तिला कोणी गाडी म्हणत नाही, रेंगी म्हणतात, म्हणजे छोटी बैलगाडी. चुकीचं काहीच नाही. दोनच माणसं बसतात, बूड जमिनीला टेकल्यासारखं वाटतं, आणि चाकांना चक्क आरे आहेत. एका चाकाला ६० तारा. मधोमध एकच मोठा नट, त्याला बैलाच्या शिंगांसारखे दोन कान. तो ठोकून सोडवायचा आणि ठोकूनच बसवायचा. शर्यतीत चाक झटपट बदलता यावं म्हणून ही रीत निघाली. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कोणी चाक बदलत बसत नाही, म्हणून आपल्याला ती सुचली नसावी.

तिच्या विजेबद्दल थोडं सांगतो, कारण तीच मला रोज छळते. सीटच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दडवल्या आहेत. १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. आमच्या वायरमनला हे पटलं नाही. "बॉडीले मायनसच राहते जी," म्हणत त्यानं तारा फिरवल्या. मामांच्या रेडिओतून त्या दिवशी बातम्यांऐवजी धूर आला. तेव्हापासून गावाचं एकमत आहे, की या गाडीचं सारंच उलटं.

मागच्या दिव्याचं अर्थिंग गंजलं, तेव्हा ब्रेक दाबला की पुढचा इंडिकेटर मिणमिणायचा. यात भुताटकी काही नाही. करंटला घरी परतायची वाट लागते. धुऱ्यावरची वाट कोणी नांगरून टाकली, की माणूस शेजाऱ्याच्या कपाशीतून जातो. तसा तो दुसऱ्या बल्बातून जातो. पण हे समोरून येणाऱ्या बंडीवाल्याला कोण सांगणार? मी ब्रेक दाबला, माझा उजवा डोळा मिचकला, आणि तो मला वळायला जागा द्यायची म्हणून बैलांसकट नालीत उतरला. वर पुन्हा मलाच रामराम घातला. दुसऱ्या दिवशी मी काचपेपर घेऊन बसलो आणि गंज घासून काढला. डोळा मिचकायचा थांबला.

तर, त्याच आठवड्यात बाभळीचा काटा. मागचं उजवं चाक, भर चौकात, पानठेल्यासमोर.

"काहून थांबली जी?"

"पंक्चर."

पुढच्या मिनिटाला ट्रॅक्टरचा मिस्त्री हजर. त्यानं नट पाहिला, पाना शोधला. पाना लागतच नाही म्हटल्यावर तो आधी नाराज झाला. लोखंडी हातोडा मी मारू देईना. तांब्याचा पाहिजे, नाही तर लाकडाचा. मग आईची कपडे धुवायची मोगरी आणली. मिस्त्रीनं डावीकडे फिरेल असा घाव घातला. जगात सगळे नट डावीकडेच सुटतात. हा हलला, पण जरासाच.

"सुटून राहिलं!" पोट्टे ओरडले.

मग कानात पहार अडकवून तिला तिघं लोंबकळले, नंतर पाच. पाचव्यानं तंबाखू थुंकून जोर लावला आणि मोगरी फुटेस्तोवर सगळ्यांनी आळीपाळीनं ठोकलं. मधेच एका पोट्ट्यानं आत बसून चावी फिरवली आणि चाकाच्या मागून टिक-टिक-टिक आवाज सुरू झाला. गर्दी दहा पावलं मागे. तो पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप होता. त्याचे पॉइंट चिकटतात, मग तो मुका होतो, आणि चांगला तडाखा बसला की बोलायला लागतो. आठवडाभर तो धड चालत नव्हता. म्हणजे मोगरीचं एक तरी काम झालं होतं.

सायकल दुकानवाले चाचा हे सगळं लांबून बघत होते. जवळ आले, नटाभोवती फिरले, म्हणाले, "सायकलीच्या डाव्या पायडलचे आटे कोणीकडचे राहते, सांगा."

कोणी सांगेना.

"उलटे. नाही तर चालता चालता पायडल सुटून पडंल. गाडी पुढं जाते तवा हे चाक कोणीकडं फिरते?"

"उजवीकडं."

"मंग उजवीकडंच सुटते. अर्धा तास झाला, तुम्ही आवळून राहिले बे."

मिस्त्रीला अचानक पिपरमिंटचं पान आठवलं. चाचांनी खिशातल्या चिंधीला पेट्रोल लावून नटावरचा चंदेरी रंग पुसायला घेतला. मामांनी दर पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर याही शिंगांना रंग दिला होता, वर्षानुवर्षं, थरावर थर. त्याखालून आधी बाण निघाला, मग इंग्रजी अक्षरं. पाचवीतल्या पोट्टीनं जुळवून वाचलं, "अनडू." म्हणजे सोडवा. बाण उजवीकडे होता.

अर्धा तास आवळलेला नट सोडवायला सव्वा तास लागला. चाकात ट्यूब होती. असणारच, तारांच्या भोकांतून हवा थोडीच थांबते! पंक्चरचे चाचांनी पैसे घेतले, अकलेचे घेतले नाहीत. आईनं मोगरीचे माझ्याकडून घेतले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा काटा. पुन्हा चौक. या वेळी मला उतरूही दिलं नाही. मिस्त्री नवी मोगरी घेऊनच आला होता, आणि पहारही.

"तुम्ही बसा भाऊ. आता साऱ्या गावाले माहीत हाय, ह्या गाडीचं उलटं राहते."

पाच जण उजवीकडे लोंबकळले. चाक डावं होतं, आणि चाचा लेकीकडे मोर्शीला गेले होते.