मेमो आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

खाजगी शाळेतल्या शिक्षकाची केस बिघडते ती मेमो, म्हणजे संस्थेचं आरोपांचं पत्र, हातात पडल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात. वकिलाकडे फाइल पोचेपर्यंत माफीनामा देऊन झालेला असतो, चौकशी समितीवर आपला माणूस द्यायची मुदत टळलेली असते आणि "अध्यक्ष म्हणाले होते, मिटवून टाकू" एवढाच काय तो पुरावा उरलेला असतो.

महाराष्ट्रात यासाठी १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. स्टाफरूममध्ये सगळे 'एमईपीएस' म्हणतात, उघडून वाचलेली असते एखाद्यानेच. विनाअनुदानित शाळांतल्या बऱ्याच जणांना तर वाटतं की हा कायदा अनुदानितवाल्यांचा. तसं नाही. शाळा मान्यताप्राप्त असेल तर अनुदान असो-नसो, कायदा लागू.

नोकरी जाण्याइतक्या गंभीर आरोपांत संस्थेला आधी आरोपांचं विवरण लेखी द्यावं लागतं आणि खुलाशाला पावतीपासून सात दिवस मिळतात. पाकीट घ्यायचंच नाही, हा स्टाफरूममधला सल्ला ऐकू नका. 'घेण्यास नकार' असा शेरा पडला की बजावणी झाली असं धरलं जातं आणि सात दिवस मात्र वाया जातात. खुलासा मुद्देनिहाय लिहा. "आपले वर्तन शाळेच्या शिस्तीस धरून नाही" असा मोघम आरोप असेल तर कोणती तारीख, कोणता तास, कोणासमोर, हे मागा. उशिरा आल्याचा आरोप असेल तर हजेरीपत्रकाचा उतारा आणि त्या दिवसाचं वेळापत्रक मागा. "काही चूक झाली असल्यास क्षमा असावी" हे वाक्य तर चुकूनही नको. लिहिणारा ते नम्रतेने लिहितो, चौकशीत मात्र ते कबुली म्हणून वाचलं जातं. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. कारकून पोच देत नसेल तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा.

खुलासा समाधानकारक नाही असं ठरलं की चौकशी समिती येते, आणि सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. सहशिक्षकाच्या बाबतीत समिती तिघांची: एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने सुचवलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांतून निवडलेला. आपला सदस्य कळवायला पंधरा दिवस असतात. "आधी चौकशीच बेकायदा आहे, नाव कशाला देऊ" अशा तोऱ्यात शिक्षक गप्प बसतो आणि उरलेल्या दोघांचीच समिती कायदेशीररीत्या तयार होते. आक्षेप असेल तर जरूर नोंदवा, पण त्याच पत्रात 'हक्क अबाधित ठेवून' नावही द्या, सदस्याची लेखी संमती जोडून.

नाव कोणाचं द्यावं? लोक शेजारच्या वर्गावरचा मित्र देतात. माझ्या मते हा सर्वात वाईट पर्याय, कारण त्याची वेतनवाढ त्याच संस्थेच्या हातात असते. नियमानुसार कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो. दुसऱ्या संस्थेतला, नियमावली पाठ असलेला, बैठकीत ठामपणे "हे इतिवृत्तात घ्या" म्हणणारा माणूस शोधा. इतिवृत्तावर त्याच दिवशी, वाचून, तारीख घालून सही करा आणि प्रत मागा. सही केलेल्या मजकुराखाली मोकळी जागा राहिली असेल तर आडवी रेघ मारा. हा खुळचटपणा वाटेल, पण नंतर घुसडलेली दोन वाक्यं महागात पडतात.

दोषारोपपत्र मिळाल्यावर उत्तराला दहा दिवस, साक्षी संपून कामकाजाचा गोषवारा मिळाल्यावर पुढच्या खुलाशाला सात दिवस. या दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा. शिक्षकाच्या सदस्याला डावलून दोघांनीच अहवाल उरकला तर चौकशी टिकणं अवघड. मात्र चौकशी सदोष ठरली म्हणजे जिंकलो असंही नाही, व्यवस्थापनाला नव्याने आरोप सिद्ध करायची संधी मिळू शकते.

निलंबन झालं असेल तर ते पूर्वपरवानगीशिवाय चार महिन्यांपलीकडे चालत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी न घेताच निलंबित केलं असेल तर निर्वाह भत्त्याचा (निलंबनात पगाराऐवजी मिळणाऱ्या रकमेचा) बोजा पहिल्या दिवसापासून संस्थेवर. या काळात दुसरी नोकरी धरू नका आणि मुख्यालय, म्हणजे नोकरीचं गाव, सोडायचं तर आधी लेखी परवानगी घ्या. अनेकांवर मूळ आरोप सिद्ध होत नाही, हा नवा आरोप मात्र सहज होतो.

रुजू होताना तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेण्याची चाल अजूनही आहे. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःकडे. त्यामुळे कपाटातून निघालेल्या कोऱ्या तारखेच्या कागदाला आव्हान देता येतं, पण ते कळल्याबरोबर लेखी हरकत गेली पाहिजे.

पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, विषय वेगळा आणि जास्त धोक्याचा. विद्यार्थ्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं" एवढ्याने सुटका नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्याचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदनामी टाळायला घेतलेली 'अंतर्गत बैठक' हाच पुढे पुरावा बनतो.

बडतर्फी झाली, किंवा तोंडी "उद्यापासून येऊ नका" म्हणून मस्टरवर सही करू दिली नाही, तर दाद शाळा न्यायाधिकरणात, एमईपीएसच्या कलम ९ खाली, तीस दिवसांत. तोंडी प्रकारात त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, म्हणजे तारीख पक्की होते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन वाट बघण्यात हे तीस दिवस जातात, आणि सेवासमाप्ती रद्द करायचा अधिकार त्यांना नाहीच. उशीर माफ होतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. न्यायाधिकरण पहिल्यांदा विचारतं ते शाळा मान्यताप्राप्त आहे का आणि नेमणूक कलम ५ मधल्या पद्धतीनुसार झाली का. म्हणून जाहिरातीचं कात्रण, मुलाखतपत्र, नियुक्ती आदेश आणि नेमणुकीच्या मान्यतेचं पत्र असेल तर तेही, हा गठ्ठा घरी हवा, शाळेच्या कपाटात नको. वरिष्ठ महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना हा कायदा लागू नाही. त्यांनी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातलं न्यायाधिकरण बघावं, मुदत तिथेही तीसच दिवसांची.