‘टिल्ट-शिफ्ट आणि मॅक्रो म्हणजे पैशाचा चुराडा’ म्हणणाऱ्यांना

सध्या संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, ‘जसा आला तसा पुढे पाठवतोय’ एवढंच. मेसेजचं म्हणणं असं : इमारतींसाठीची टिल्ट-शिफ्ट (कलवता-सरकवता येणारी) लेन्स आणि किड्यांसाठीची मॅक्रो (अगदी जवळून मोठं दाखवणारी) लेन्स ही कंपन्यांनी घातलेली टोपी आहे. इमारत सॉफ्टवेअरमध्ये सरळ होते, किडा मोबाईलमध्ये येतो, उरलंसुरलं एआय बघून घेतो. आणि मराठवाड्यात असल्या लेन्सचे पैसे सात जन्मांत फिटणार नाहीत.

‘कर्ज काढून लेन्स घेऊ नका’ हा त्यातला शेवटचा सल्ला मला मान्य आहे. लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालवणाऱ्यानं शिफ्ट लेन्स घेतली तर ती बॅगेत बुरशी धरत बसेल. पण ‘तुला गरज नाही’ हे एक आणि ‘तिचा उपयोगच नाही’ हे दुसरं. मेसेज पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तिथं त्याचा पाय घसरतो. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘मिनार आत झुकले तर एक स्लायडर ओढा, सरळ होतात.’

होतात की. नाही कोण म्हणतंय? पण आधी ते झुकतात कशानं ते बघा. बीबी का मकबऱ्यासमोर उभं राहून घुमटाचा कळस फ्रेममध्ये घ्यायचा म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो. उचलला की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रतिमा टिपणारा पत्रा, इमारतीला समांतर राहत नाही. वरचा भाग लहान पडत जातो आणि मिनार एकमेकांच्या कानात काही सांगायला निघाल्यासारखे आत कलतात. कॅमेरा पातळीत ठेवला तर मिनार ताठ उभे राहतात, पण कळस कापला जातो आणि निम्मा फोटो समोरच्या फरशीचा येतो.

शिफ्ट लेन्स इथं कामाला येते. कॅमेरा पातळीतच राहतो, फक्त लेन्स वर सरकते. साध्या लेन्सपेक्षा ती बरीच मोठी गोल प्रतिमा आत टाकते, म्हणून सरकवूनही सेन्सरचे कोपरे रिकामे पडत नाहीत. कॅननची २४ मिमीची टिल्ट-शिफ्ट १२ मिमी सरकते. याचा अर्थ काय? फुलफ्रेम कॅमेरा (सेन्सर ३६ बाय २४ मिमी) आडवा आणि पातळीत धरला तर साधी २४ मिमी लेन्स ३० मीटरवरून तुमच्या डोळ्यांच्या वर १५ मीटरपर्यंत बघते. शिफ्ट पूर्ण वर घेतली की त्याच जागेवरून ३० मीटरपर्यंत. कॅमेरा एक अंशही वर न करता.

स्लायडर वेगळंच करतो. फोटोचा वरचा भाग ताणून रुंद करतो, चौकोनाचा समलंब होतो, मग काटकोन जुळवायला वरचे दोन्ही कोपरे कापावे लागतात. कडेला मिनार असेल तर तो नेमका वरूनच जातो. शिवाय ताणले जातात ते वरचे पिक्सल, म्हणजे जिथली नक्षी बघायची तिथलेच.

मेसेजवाल्याला सुचलं नाही, पण त्याच्या बाजूनं एक बरा युक्तिवाद आहे, तो मीच मांडतो. खूप रुंद लेन्स घ्यायची, कॅमेरा पातळीत धरायचा आणि नंतर खालची फरशी कापून टाकायची. भूमितीच्या दृष्टीनं हे शंभर टक्के बरोबर आहे. आकार शिफ्ट लेन्ससारखाच येतो. फक्त हिशोब करा. २४ मिमीला १२ मिमी शिफ्ट देऊन जे दिसतं, ते १२ मिमीच्या लेन्सवर फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात, मधल्या अर्ध्या रुंदीत बसतं. म्हणजे पाव फ्रेम. २४ मेगापिक्सलचे ६ उरले. ३००० बाय २०००. ३०० डीपीआयनं छापायला गेलात तर १० इंच. इन्स्टाग्रामला फर्स्टक्लास. पुस्तकाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर पसरायचा फोटो असेल तर नाही.

वेरूळला तर ही अडचण आणखी टोकाला जाते. कैलास, म्हणजे सोळावं लेणं, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं. अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, आणि मधोमध सुमारे ३० मीटर उंचीचं मंदिर. बाजूनं फोटो घ्यायला गेलात की चार पावलांत पाठ कातळाला टेकते. ‘जरा मागं सरका’ हा सल्ला इथं चालत नाही, कारण मागं बेसॉल्ट आहे. वरच्या टेकडीच्या वाटेवरून बघितलं तर उलटा प्रश्न : कॅमेरा खाली झुकवला की मंदिर पायाकडे निमुळतं होतं. तिथं शिफ्ट खाली घ्यायची. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते म्हणून या लेन्स तिथं निकामी, असंही एकजण म्हणाला. स्क्रीनवर ग्रिड लावून आणि कॅमेऱ्यातली पातळी बघत हातात धरूनही त्या चालतात. दिवसाच्या उजेडात काही अडत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. फार जवळून पूर्ण सरळ केलेली उंच इमारत वर जड दिसते, कोसळेल की काय असं वाटतं. जाणते लोक किंचित झुकाव मुद्दाम ठेवतात. लेन्स आहे म्हणून ती शेवटपर्यंत पिळायची नसते.

आणि ‘हे नवं फॅड आहे’? हा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा त्याच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ होते. त्या काळच्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांत लेन्सची पाटी वर-खाली सरकवायची सोय असायचीच. नंतर छोटे कॅमेरे आले आणि ती गेली; १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निकॉननं ३५ मिमीची शिफ्ट लेन्स काढून ती परत आणली. फॅड असेल तर बरंच म्हातारं आहे.

‘टिल्ट म्हणजे शहराचं खेळणं करणं, ते तर मोबाईल ॲपमध्ये फुकट आहे.’

खेळण्यासारखा परिणाम ॲपमध्ये होतो, घ्या. तो टिल्टचा उलटा वापर आहे. सुलटा वापर असा : साध्या लेन्सचा फोकस सेन्सरला समांतर अशा उभ्या पातळीवर पडतो. लेन्स थोडी पुढं कलवली की ती पातळी आडवी, जमिनीच्या अंगानं झोपते. ऑस्ट्रियाच्या लष्करातल्या थिओडोर शाइम्पफ्लुगनं हवाई फोटोंचा तिरपेपणा काढण्यासाठी १९०४ मध्ये जे पेटंट घेतलं, त्याच्या नावानं हा नियम ओळखला जातो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात, पायाजवळच्या फरशीपासून स्तूपाच्या तळापर्यंत सगळं धारदार हवं असेल तर मोठ्या ॲपर्चरवरही (लेन्सचं उजेड घेणारं भोक मोठं ठेवूनही) ते जमतं. मंद उजेडात याची किंमत कळते. खांबांचे वरचे भाग मात्र फोकसबाहेर जातात, कारण पातळी झोपली म्हणजे झोपली. सपाट विषय असेल तिथंच टिल्ट, नाहीतर शून्यावर कुलूप.

‘किडा मोबाईलच्या मॅक्रो मोडमध्ये येतो. नाही आला तर क्रॉप करा, एआयनं शार्प करा.’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. आपल्याकडं किड्याचा फोटो फक्त लाइकसाठी काढला जात नाही. जुलै-ऑगस्टात निम्म्या शेतकऱ्यांच्या मोबाईलमध्ये अळ्यांचेच फोटो असतात, ‘साहेब, ही कोणती?’ असं विचारत कृषी सहायकाकडं नाहीतर दुकानदाराकडं गेलेले. बहुतेक फोटोंत एक हिरवट-करडी पुसट रेघ असते.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी घ्या. भारतात ती पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि लगेच आपल्याकडं आली. जालना-संभाजीनगरच्या मका पट्ट्यात तिची ओळख करून द्यायला नको. ओळखायची खूण दोन ठिकाणी. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडच्या खंडावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. अळी अर्धी वाढलेली असते तेव्हा तिचं डोकं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं असतं. २४ मेगापिक्सल फुलफ्रेमवर १:१ मॅक्रोनं, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं, काढलं तर त्या डोक्याच्या रुंदीला सुमारे २०० पिक्सल मिळतात. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर साधारण पाव पटच मोठेपणा मिळतो, तिथं ५०. पन्नास पिक्सलांत वाय आहे की घाण लागलीय, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मोबाईलचा मॅक्रो मोड बहुतेक वेळा रुंद कॅमेरा वापरतो आणि किड्यापासून दोन-चार सेंटिमीटरवर न्यायला लावतो. अळी बसलेली असते पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांत, भुशासारख्या विष्ठेखाली. मोबाईल पोंग्यावर धरला की उजेड गेलाच. पानावर चतुर किंवा टाचणी (चतुराची बारीक बहीण) असेल तर ती एवढं जवळ येऊच देत नाही. १०० मिमीची मॅक्रो लेन्स १:१ वर असताना पुढच्या काचेपासून किड्यापर्यंत १३-१५ सेंटिमीटर जागा राहते. त्या जागेतून फ्लॅशचा उजेड आत जातो, किडा बिथरत नाही.

मोबाईलच्या बाजूनं एक गोष्ट खरी : सेन्सर बारका म्हणून त्याच्यात अख्खं पान फोकसमध्ये येतं. पानावरची खिडक्या पाडल्यासारखी लक्षणं, कुरतडलेला पोंगा, यासाठी मोबाईलच बरा. मॅक्रो लेन्सवर १:१ ला ॲपर्चर बारीक करून एफ-८ ठेवलं तरी फोकस जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. डोळा धरला तर पाय गेले. एकामागून एक फोटो काढून ते जोडावे लागतात, आणि वारा असेल तर तेही होत नाही.

आणि एआय शार्पनिंग. ते नसलेली माहिती शोधून आणत नाही, तिथं काय असावं याचा अंदाज रंगवतं. नवरीच्या पापण्यांना चालेल. ठिपके चार आहेत की पाच यावर फवारणी ठरणार असेल तर अंदाज काय कामाचा? लेडीबर्डची अळी मावा खाते, शेतकऱ्याची मित्रकीड आहे, पण दिसायला अशी भयानक की लोक तिलाच आधी मारतात. पुसट फोटोवरून सल्ला देणाराही तेच करेल.

मेसेजमध्ये मध्येच एक ओळ आहे, ‘किडा फ्रीजमध्ये ठेवून काढा, हलत नाही.’ किडा त्यात मरूही शकतो, आणि तो कुठं कसा बसतो हे जे बघायचं तेच जातं. सकाळी लवकर जा. अंगावर दव असतं तोवर तो तसाही हलत नाही.

‘तीन-चारशेची रिव्हर्स रिंग लावा, तीच मॅक्रो.’

याला मी अर्धे मार्क देतो. या रिंगनं लेन्स उलटी लावली की मोठेपणा खरंच मिळतो. उलट्या १८-५५ मिमी किट लेन्सनं रुंद बाजूला १:१ च्या पुढंही जाता येतं. शिकायला यासारखं स्वस्त काही नाही. पण उलट्या लेन्सपासून किड्यापर्यंतचं अंतर साधारण त्या माउंटच्या मूळ अंतराएवढंच (लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं) राहतं. जुन्या कॅनन-निकॉन डीएसएलआरच्या लेन्सला ते ४४ ते ४६.५ मिलिमीटर. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स उलट्या लावल्या तर जेमतेम दोन सेंटिमीटर. वर ॲपर्चर इलेक्ट्रॉनिक असलेल्या लेन्सला ते बदलता येत नाही, आणि काही लेन्सचं फोकस रिंगच मरतं. म्हणून रिंग घ्यायची तर जुनी, हातानं ॲपर्चर फिरवायची ५० मिमी शोधा. ती भंगाराच्या भावात मिळते.

पैशाचं बोलायचं तर टिल्ट-शिफ्ट लाखाच्या वर जाते, आणि वास्तुविशारदांची किंवा प्रकाशनाची कामं नसतील तर तिला हात लावू नका. एखादं काम आलं तर भाड्यानं आणा. मॅक्रोचं वेगळं आहे. वापरलेली ९० किंवा १०० मिमी मॅक्रो तुलनेनं आवाक्यात येते, आणि तीच लेन्स लग्नात अंगठ्या, मेंदी, शिवाय एरवी पोर्ट्रेटही काढते. आधी ती घ्या, आणि फ्लॅशपुढं लावायला पॅकिंगचा पांढरा पातळ फोम कापून ठेवा. किड्याच्या चकचकीत पाठीवरचा पांढरा डाग त्यानंच जातो.